वकीलसाहेबांची सहा फुटी लादी

आमची खोली पिठाच्या गिरणीच्या पाठीला होती. मधे एकेरी विटांची भिंत. सकाळी सातला नाना पट्टा चढवायचे, मोटर घुमायला लागायची आणि तिच्याबरोबर आमचं घरही. फळीवरचे पेले, चहाचा डबा, तिखटाचा डबा, आरसा, सगळी मंडळी इंचाइंचाने कडेकडे निघायची आणि आई येता-जाता त्यांना मागे ढकलायची. तिला त्याची इतकी सवय झाली होती की गावाकडे, जिथे गिरणी नव्हती, तिथेही ती फळीजवळून जाताना हात वर करायची.

नाना म्हणजे आमचे वडील. सायखेड्याजवळ दुसऱ्याच्या मळ्यात राबत होते, तिथून नाशकात आले, कारण गिरणीच्या कामाबरोबर ही खोली मिळत होती. गिरणी शेठची, खोलीही शेठची. काम गेलं तर खोली गेली. आमच्या घरातल्या सगळ्या भीत्या या एका वाक्यात मावत होत्या.

संध्याकाळी दगडांभोवती जे पीठ उरायचं ते नाना ब्रशने झाडून घरी आणत. त्यात गहू, बाजरी, हरभरा, कुणाची थालीपिठाची भाजणी, काय म्हणाल ते असायचं. रोजची भाकरी वेगळ्या चवीची. डाळीचं पीठ जास्त आलं की भाकरी थापताना फाटायची आणि आई म्हणायची, "आज कुणाकडं तरी लाडू व्हणार बघ." दुसऱ्यांच्या घरी काय शिजणार ते आम्हाला आमच्या भाकरीवरून कळायचं.

मी अभ्यास करायचो तो असा: मांडीवर घडी घातलेली गोधडी, गोधडीवर पाट, पाटावर वही. गोधडी काढली की अक्षर थरथरायचं. पुढे कॉलेजात आमच्या सरांनी फळ्यावर कंपनं कशी शोषली जातात त्याचं लांबलचक समीकरण मांडलं. शेजारची बंगल्यांतली पोरं डोकं खाजवत होती. मी म्हटलं, अरे, ही तर गोधडी.

आणीबाणी उठली त्याच वर्षी मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या सात पिढ्यांतला पहिला पदवीधर. हे मी रेशनच्या रांगेतसुद्धा सांगतो. लोक हसतात. हसोत. ज्यांच्या घरात पणजोबापासून पदव्या टांगलेल्या आहेत त्यांना त्यात सांगण्यासारखं काही नसतं, हे मला मान्य आहे.

गिरणीच्या दुसऱ्या बाजूला, मोकळी बोळ सोडून, वकीलसाहेबांचा बंगला होता. वकिली बरी चालायची, पण साहेबांचा खरा धंदा ऐकणं हा होता. त्यांच्या मेव्हण्याने जर्मनीहून रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि कंबरेइतके उंच दोन स्पीकर आणून दिले होते. दर रविवारी सकाळी तिथे मंडळ बसायचं. मंडळात कायमचे तिघे: स्वतः वकीलसाहेब, दातांचे एक डॉक्टर आणि निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार. गाणं कुणाचं आहे, राग कोणता आहे, यावर त्यांच्यात फारसं बोलणं होत नसे. बोलणं व्हायचं ते रेकॉर्ड प्लेअरच्या पायाखाली काय घालावं यावर.

हे मी ऐकीव सांगत नाही. मला त्यांनी बोलावून नेलं होतं.

झालं असं की त्या उन्हाळ्यापासून साहेबांच्या गाण्यात घुमारा येऊ लागला. आवाज जरा वाढवला की तंबोऱ्याच्या खालून "भूंऽऽ" असा एक हंबरडा उठायचा आणि वाढत जायचा. आवाज कमी केला की बसायचा. साहेबांनी परदेशी मासिकात वाचलं की जमिनीतून येणारे हादरे हा उत्तम संगीताचा पहिला शत्रू. मासिक खाली ठेवून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोर आमची गिरणी. निकाल तिथेच लागला. गिरणी त्या जागेवर त्यांच्या बंगल्याच्याही आधीपासून होती, पण ते कोण बघतो.

परवान्याच्या खात्यात त्यांनी पहिला अर्ज टाकला: निवासी वस्तीतील सदर गिरणीमुळे घरास हादरे बसतात, तरी परवाना पुढे न वाढवता गिरणी इतरत्र हलवावी. दिवाळीनंतर परवान्याची मुदत संपत होती. शेठ घाबरला. त्याच्याकडे दुसरी जागा होती ती थेट सातपूरकडे आणि तिथे चालवायला त्याचा पुतण्या तयार बसला होता. नानांना त्याने स्पष्टच सांगितलं, "गिरणी हलली तर मग तुमचं काय ते तुम्ही बघा बुवा."

अशात वकीलसाहेबांचा निरोप आला की गिरणीवाल्याचा मुलगा फिजिक्स शिकलाय म्हणे, त्याला पाठवा.

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दारातच चपला काढायला लावल्या. ठीक आहे, चपला कुठेही काढतो आपण. पण आत जाताना त्यांच्या मुलीने मला जाड मोजे आणून दिले. पावलांचे हादरे जातात म्हणून. हॉलच्या दारापासून खुर्चीपर्यंत सतरंजीवर खडूने खुणा केलेल्या होत्या. तिथेच पाय ठेवायचा. माझ्या आजोबांनी नागावर पाय पडेल म्हणून इतकं जपून पाऊल टाकलं नसेल.

आणि मग ती लादी दिसली. भिंतीला लागून सागवानी बैठं कपाट, त्यावर काळ्याभोर, घोटलेल्या दगडाची सहा फूट लांब लादी. मधे रेकॉर्ड प्लेअर, दोन टोकांना दोन स्पीकर.

"अखंड आहे," वकीलसाहेब म्हणाले. "या उन्हाळ्यातच आणवली. आधी सगळं वेगवेगळ्या टेबलांवर होतं. जोड नाही कुठे. असा मृत दगड मिळत नाही सहसा."

"मृत?"

"म्हणजे ज्यात कंप उरत नाही असा. दगड बोलता कामा नये."

आमच्याकडे असल्या दगडाला ओटा म्हणतात आणि त्यावर आई कणीक मळते. पण मी नोकरी शोधत होतो. मान हलवली.

रेकॉर्ड प्लेअरच्या चार कोपऱ्यांखाली अर्धे कापलेले रबरी चेंडू होते. मुंबईच्या कुठल्याशा क्लबातून आणलेले. साधा चेंडू चालत नाही म्हणे. त्याखाली बुचाची चकती. अ‍ॅम्प्लिफायर वाळूच्या ट्रेमध्ये बसवला होता आणि ती वाळू गोदावरीची, सात वेळा चाळलेली. कारण सहा वेळा चाळलेल्या वाळूत तार सप्तक जरा खरखरतं, असं दातांच्या डॉक्टरांना आढळलं होतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप. ते का, असं मी विचारलं.

"दडपण," बागाईतदार म्हणाले. आणि पुढे काहीच नाही. जणू एवढ्यात सगळं आलं.

दातांचे डॉक्टर मऊ आवाजात बोलायचे. दिवसभर लोकांच्या दाढांत घुरघुरतं यंत्र घालणारा हा माणूस मला सांगू लागला की सूक्ष्म कंपनांनी माणसाच्या मनाची शांती कशी ढवळून निघते. मी त्यांच्याकडे एकदा दाढ दाखवायला गेलो होतो. माझ्या मनाची शांती त्यांनी बघितली होती.

आतून वकीलीणबाई चहा घेऊन आल्या. त्यांनीही मोजे घातले होते. कप ठेवताना त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पोळपाटाखालीसुद्धा रुमाल घालते हो मी. खलबत्ता तर रविवारी माहेरी पाठवावा म्हणते."

"तू आत जा," साहेब म्हणाले.

मग साहेब मुद्द्यावर आले. एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की मी, पदार्थविज्ञानाचा पदवीधर व सदर गिरणीलगत राहणारा, असे प्रमाणित करतो की गिरणीच्या हादऱ्यांमुळे इत्यादी. खाली माझं नाव टाइप करून ठेवलेलं. "तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलाने सत्याच्या बाजूने उभं राहायला हवं," साहेब म्हणाले. "आमच्या शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा निघतेय. मी आहे तिथे कमिटीवर. आणि गिरणीचं म्हणशील, तर वडलांना तू आयुष्यभर पीठच खायला लावणार आहेस का?"

मी उठून, खडूच्या खुणांवरून चालत जाऊन, गिरणीकडच्या भिंतीवर हात ठेवला. भिंत बारीक थरथरत होती. आणि इथे मी जे केलं त्याची मला आजही चीड येते: मला वाटलं, साहेब बरोबर आहेत. पदवीधर मी, हातात पुरावा, मग काय राहिलं? विचार करतो म्हणून कागद घेऊन घरी आलो.

नानांना सांगितलं. नाना दगडाला टाकी मारत होते; घासून गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खरखरीत करायचं ते काम. त्यांनी हातोडी थांबवली नाही.

"कालिजात हेच शिकिवलं का?" ते म्हणाले. "भित्तीला हात लावला आन् दावा निकाली?"

"नाना, भिंत हलतेय. मी स्वतः बघितलं."

"भित्त रोज हलती. आपलीबी हलती. तिथला आवाज रोज येतो का?"

"येतो म्हणतात."

"म्हनत्यात. तू ऐकला? आमची मोटर चालू आसताना ऐकला, बंद आसताना ऐकला, आसं काय केलं तू? का नुस्ता चहा पिऊन आला?"

चौथी शिकलेल्या माणसाने मला प्रयोग कसा करतात ते सांगितलं होतं. कागद मी चुलीत घातला.

नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, हलतंय ना, मग आपल्या बाजूनं बोट दाखवायला जागा ठेवायची नाय. त्यांनी भद्रकालीच्या जुन्या बाजारातून ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे आणले. भाद्रपदातल्या एका सुटीच्या दिवशी आम्ही दोघांनी पहारीने मशीन एकेका बाजूने उचललं आणि लाकडी चौकटीच्या चारी पायांखाली टायर, टायरवर गोणपाटाच्या चार घड्या, वर पुन्हा टायर, असं बसवलं. दुसऱ्या दिवशी मोटर सुरू झाली तेव्हा आमच्या फळीवरचे पेले जागचे हलले नाहीत. आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता मला दिवसभर काम काय राह्यलं?" बोळीपलीकडे बंगल्याच्या कुंपणावर हात ठेवला तर काहीच लागत नव्हतं. जर्मनीचा मेव्हणा नाही, मासिक नाही, मृत दगड नाही. टायर आणि गोणपाट.

आठवड्याने वकीलसाहेब बोळीत भेटले. मी म्हटलं, "आता कमी झालं असेल ना साहेब?"

"कमी?" ते म्हणाले. "दुप्पट झालंय! मुद्दाम केलंत तुम्ही काहीतरी."

मला कोडंच पडलं. उत्तर नंतर मिळालं. दरम्यान मंडळाने मोठी सुधारणा केली होती. चेंडू काढून टाकले होते आणि त्यांच्या जागी तांबट आळीतून खास घडवून आणलेले पितळी सुळके बसवले होते, उलट्या भोवऱ्यासारखे, टोक खाली. तेही साध्या पितळेचे नाहीत. बागाईतदारांनी घरातल्या जुन्या समया मोडीत दिल्या होत्या, कारण समईच्या पितळेने मंद्र सप्तकाला गांभीर्य येतं. ज्या समयांपुढे त्यांच्या आज्यांनी हात जोडले त्या वितळवून या माणसांनी रेकॉर्ड प्लेअरच्या पायाखाली घातल्या आणि वर म्हणायचे की संस्कृती आम्ही जपतो.

नवरात्र आलं. खंडेनवमीला गिरणी बंद असते हे नाशकात शेंबड्या पोरालाही ठाऊक. हत्यारं, अवजारं, यंत्रं, ज्यांच्यावर पोट चालतं त्या सगळ्यांची त्या दिवशी पूजा; त्यांच्याकडून काम करून घ्यायचं नाही. नानांनी आदल्या संध्याकाळीच पट्टा उतरवून खुंटीला लावला होता. वरचा दगड काढून भिंतीला टेकवलेला. सगळं धुऊनपुसून हळदीकुंकू, झेंडूची माळ, मोटरीलासुद्धा एक फूल. शेठ धोतर नेसून आला होता. आई नैवेद्याचं ताट घेऊन उभी. घोडा खोगीर उतरवून गवतात सोडावा तशी गिरणी शांत होती.

अकराच्या सुमारास वकीलसाहेबांचा कारकून धापा टाकत आला. हातात पत्राच्या दोन प्रती.

"साहेबांनी पाठवलंय. एका प्रतीवर पोच द्या."

शेठ म्हणाला, "आज सणाच्या दिवशी काही घेऊ नका हो."

मी पत्र घेऊन वाचलं. परवाना खात्याला उद्देशून, गिरणीला प्रत. "आज खंडेनवमी, सकाळी साडेनऊपासून सदर गिरणी पूर्ण वेगाने चालू असून तिचे हादरे आजवरच्या सर्वांत तीव्र स्वरूपाचे आहेत. सणाच्या दिवशीही शांतता न पाळण्याची ही वृत्ती..." वगैरे. वकिली मराठी, टंकलेखन सुबक. खाली तीन सह्या: वकील, डॉक्टर, बागाईतदार. आणि वर, "आम्ही तिघांनी स्वतः अनुभवले."

मी दोनदा वाचलं. मग नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. नानांच्या हातात आरतीचं तबक होतं. ते एकदा गिरणीकडे बघत, एकदा माझ्याकडे.

"म्हंजी आज आपली गिरनी चालू हाय?" ते म्हणाले.

"पूर्ण वेगाने."

"मंग पट्टा कशाचा लावलाय? मारुतीच्या शेपटीचा?"

शेठला हसू येईना, इतका तो भेदरला होता. "परत द्या ते पत्र," तो म्हणाला. मी म्हटलं, परत कशाला, घेऊ की. कारकुनाच्या प्रतीवर पोच लिहिली: "पत्र मिळाले. आज खंडेनवमीनिमित्त गिरणी काल सायंकाळपासून बंद आहे. पट्टा व वरचा दगड उतरवलेला आहे. पत्र आणणाऱ्याने समक्ष पाहिले." वेळ घातली. कारकुनाला म्हटलं, वाचा आणि खाली सही करा.

त्याने वाचलं. मग प्रथमच मान वर करून गिरणीकडे पाहिलं. "अरेच्चा," तो म्हणाला. "ही तर बंद आहे."

"बसा," आई म्हणाली. "पुरनाची पोळी घ्या."

त्याने सही केली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि गेला. आता कुणालाही वाटेल की तो धावत जाऊन साहेबांना सांगेल. पण सणाची सुटी म्हणून मंडळ रविवारसारखंच ऐकत बसलं होतं आणि ऐकणं चालू असताना हॉलचं दार उघडायचं नाही हा त्या घरातला कायदा होता. दार उघडलं की हवेचा दाब बदलतो. कारकुनाने तासभर बाहेर वाट पाहिली, पोच फायलीला लावली आणि तो घरी गेला. दसऱ्याची सुटी संपल्यावर त्याने मूळ पत्र खात्यात नेऊन दिलं. वकीलसाहेबांनी ती पोच वाचलीच नाही. गिरणीवाल्यांनी काय लिहिलं असणार, असं त्यांना वाटलं असेल. आपण जे लिहिलं ते मात्र त्यांना पाठ होतं.

दिवाळी झाल्यावर परवान्याचे साहेब पाहणीला आले. सटाण्याकडचा जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. वकीलसाहेबांच्या हॉलमध्ये सगळे जमले: मंडळाचे तिघे, शेठ, नाना आणि मी. परवान्याच्या साहेबांनी मोजे घालायला नकार दिला, तिथेच मला तो माणूस आवडला. नाना दाराशी उभे राहिले. त्यांना कुणी बस म्हटलं नाही, म्हणून मीही बसलो नाही.

वकीलसाहेब बराच वेळ बोलले. ध्वनी, सभ्यता, नागरी जीवन. मग म्हणाले, "आणि या सर्वावर कळस म्हणजे खंडेनवमीचा दिवस. माझं पत्र आपल्याकडे आहेच."

मी आमच्याकडची प्रत दाखवली आणि पोच काय लिहून दिली होती ते सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, असं काहीही नाही. परवान्याच्या साहेबांनी वकीलसाहेबांच्या कारकुनाला बोलावलं. त्याने खालमानेने फाइल आणली. परवान्याच्या साहेबांनी वाचलं, पान उलटलं, पुन्हा वाचलं.

"तुम्ही तिघांनी हादरे स्वतः अनुभवले?"

"अर्थात," डॉक्टर म्हणाले. "दाढेपर्यंत जाणवत होते."

"गिरणीची पूजा चालू होती म्हणतात त्या वेळी. सही तुमच्याच माणसाची आहे."

त्यानंतर जी शांतता पसरली ती मात्र खरोखर उत्तम प्रतीची होती. एकही कंप नाही.

वकीलसाहेब सावरले. "हादरे आहेत हे तर खरं ना? गिरणीचे नसतील तर कुठले आहेत?"

"दाखवू का?" मी म्हटलं.

नाना जाऊन गिरणी बंद करून आले. मी मोजे काढून ठेवले आणि सरळ सतरंजीवरून चालत गेलो. रेकॉर्ड प्लेअरची मोटर बंद ठेवली, थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवली आणि आवाज वाढवत नेला. रेकॉर्ड फिरत नाही, गाणं नाही, गिरणी नाही. बोटाने लादीला जरा टिचकी मारली. तळातून "भूंऽऽ" उठलं आणि वाढत वाढत असं झालं की कपाटाच्या काचा वाजायला लागल्या.

"हाई काय शे?" परवान्याच्या साहेबांच्या तोंडून घरची बोली निघाली.

मी आवाज बंद केला. सांगितलं, आणि अजूनही माझ्या विद्यार्थ्यांना असंच सांगतो: चावडीवर दोन माणसं बसलीत. एक कुजबुजतो, दुसरा तेच जरा मोठ्याने सांगतो, पहिला ते ऐकून आणखी मोठ्याने. थोड्या वेळात गावात दंगल. इथे स्पीकर लादीला हलवतो, लादी रेकॉर्ड प्लेअरला हलवते, सुई ते ऐकून पुन्हा स्पीकरला सांगते. वेगवेगळ्या टेबलांवर होते तेव्हा काही झालं नाही. उन्हाळ्यात अखंड लादी आली, तेव्हापासून घुमारा. मधे रबरी चेंडू होते तोवर थोडं तरी अडत होतं. ते काढून पितळेचे सुळके घातले, दगडाला घट्ट रुतले, म्हणून दुप्पट.

"पितळेचा काय संबंध?" बागाईतदार दुखावल्या आवाजात म्हणाले.

मग मी आणि नानांनी मिळून दोन्ही स्पीकर लादीवरून उतरवले आणि खाली जमिनीवर, वकीलीणबाईंनी आतून आणलेल्या दोन जाड चादरींच्या घड्यांवर ठेवले. नाना जाऊन गिरणी सुरू करून आले. मी तबकडी फिरती केली, आवाज मघापेक्षा जास्त ठेवला. समोर गिरणीत कुणाचे तरी गहू दळले जात होते आणि इथे तंबोरा स्वच्छ लागला होता. कुणीतरी गात होतं. मला वाटतं त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच सगळ्यांनी गाणं ऐकलं. नानांनी दारातून थोडं ऐकलं आणि म्हणाले, "बाई चांगली गाती."

"हा दगड मृत आहे," वकीलसाहेब पुटपुटले. "तो असं करूच शकत नाही."

परवान्याचे साहेब वही मिटत म्हणाले, "वकीलसाहेब, दगडाला जाऊ द्या."

शाळेची जागा मला मिळाली नाही, हे सांगायला नको. कुणी माफी मागितली नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. महिन्याभरात वकीलसाहेबांनी लादी तीन तुकड्यांत कापून घेतली आणि मंडळात, पुढे गावात इतरांनाही, असं सांगू लागले की दीर्घ संशोधनानंतर आपण "त्रिखंड पद्धत" शोधून काढली आहे. दातांच्या डॉक्टरांनी पेशंट बसतो त्या खुर्चीखाली सुळके लावले. बागाईतदार निफाडहून नवं काहीतरी घेऊन आले, द्राक्षाच्या जुन्या खोडाचे ठोकळे की काय. ऐंशीच्या पुढे कॅसेट आल्या, मग या मंडळींनी कॅसेट प्लेअरखालीही दगड घातले. असल्या माणसांची पदवी बघायची नसते. त्यांच्या भिंतीवर तीन पिढ्यांच्या पदव्या होत्या आणि गिरणी चालू आहे की बंद, हे खिडकीतून बघायचं त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

गिरणीचा परवाना त्या वर्षी त्याच जागेसाठी वाढवून मिळाला आणि पुढे दर वर्षी मिळत गेला. नानांचं काम राहिलं, खोली राहिली. मी पुढच्या वर्षी एका कॉलेजात प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून लागलो, त्या खोलीत राहूनच एम.एस्सी. केलं आणि नंतर त्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागलो. माझ्या दोन धाकट्या बहिणीही पदवीधर झाल्या. नानांनी वयाची साठी उलटेपर्यंत ती गिरणी चालवली आणि स्वतःच्या मर्जीने सोडली.